डॉक्टरांपासून दारू लपवू नका

घरातलं माणूस रोज पिणारं असेल आणि कुठल्याही कारणानं हॉस्पिटलात भरती होत असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्या तासातच सांगा. किती पितात, कधीपासून, आणि शेवटचं कधी प्यायले. मी सांगितलं ते खोडून काढलं गेलं, म्हणून लिहिते आहे.

कल्याण स्टेशनच्या जिन्यावरून पडून यांचं मांडीचं हाड मोडलं. मी डोंबिवलीहून पोचेपर्यंत धाकट्या दिरांनी फॉर्म भरून टाकला होता. दारूच्या रकान्यात 'नाही'. मी सिस्टरना बाजूला घेऊन सांगितलं, हे रोज दोन क्वार्टर घेतात. तेवढ्यात भाऊजी मागून आले. "वहिनी घाबरल्यात. लग्नाकार्यात कधीतरी होते, एवढंच." सिस्टरनी त्यांचंच ऐकलं.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या रात्री हे घामानं निथळत उठले, हात लटलट कापत होते. चादरीवर नसलेल्या मुंग्या झटकायला लागले. सलाईन ओढून काढलं. "ठाकुर्ली आलं, उतरू द्या मला," असं ओरडत पलंगावरून उतरायला बघत होते, तेही नुकत्याच रॉड घातलेल्या पायावर! शेवटी त्यांचे हात बांधले. सासूबाई म्हणाल्या बाहेरचं काहीतरी आहे, आणि कपाळाला अंगारा लावला. भाऊजी म्हणाले, भूल उतरली नाही अजून.

पहाटे मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं. यांना तपासत असतानाच त्यांनी विचारलं, "शेवटची दारू कधी?" भाऊजी मोबाइलमध्ये बघत उभे राहिले. उत्तर मी दिलं. डॉक्टर फक्त एवढंच बोलले, "हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर ही वेळ आली नसती." माझ्या अंगाची आग झाली. मी सांगितलं होतं!

मग गोळ्या, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू झाली आणि हे हळूहळू भानावर आले. डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. दारू मेंदूला मंद करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू स्वतःचा वेग वाढवून त्याच्याशी जुळवून घेतो. दारू एकदम थांबली की तो वाढलेला वेग तसाच राहतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात असा भ्रम होतो. उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतोसुद्धा. मला तेव्हा यांचे सगळे श्रावण आठवले. दरवर्षी शपथ घेऊन बंद करायचे, दुसऱ्या दिवशी हात कापायला लागले की पुन्हा बाटली. घरचे म्हणायचे, याला निर्धारच नाही. रोज भरपूर पिणाऱ्याला कृपा करून श्रावणाच्या, देवाच्या शपथेवर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. आधी डॉक्टर.

भाऊजी अजूनही म्हणतात, व्यसन म्हणजे आजारबिजार काही नसतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं १९५६ मध्येच याला आजार म्हटलं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारूच्या व्यसनातून येणाऱ्या मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येत आहेत. मग आमच्याच घराची अब्रू एवढी कशी मोठी, की माणूस गेला तरी चालेल?

पुढे याच भाऊजींनी पुडी आणली. लोकलच्या डब्यात 'नकळत दारू सोडवा' असे कागद चिकटवलेले असतात, त्यातलीच. मी ती बेसिनमध्ये ओतली. अशा पुडीत काय आहे हे कुणी सांगत नाही. डायसल्फिरम हे दारू सोडवायचं खरं औषध आहे, पण ते पेशंटला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. आमटीत नकळत घातलं आणि तो वर प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

पाय बरा झाल्यावर आम्ही पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच नव्या पेशंटशी बोलतात, त्यांना थाप मारता येत नाही. एवढ्या लांब जाणं जमत नसेल तर ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. ठाण्याचं मनोरुग्णालयही आहे, त्याच्या नावाला घाबरू नका. १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करून कुठे जायचं ते विचारता येतं. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा असतात, तिथे जा. स्वतःचं जेवण, झोप सांभाळा. पैशांचा व्यवहार आपल्या हातात घ्या.

मध्ये एकदा हे पुन्हा प्यायले. मी भांडले नाही, त्याच दिवशी समुपदेशकांना फोन केला. आता शनिवारी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेला जातात. भाऊजी तिला 'बेवड्यांची सभा' म्हणतात. त्यांच्याशी मी बोलत नाही.