शिकस्त

मुलांनो, मराठीच्या तासाला एक शब्द आला की वर्गात हमखास गोंधळ होतो. ‘त्याने प्रयत्नांची शिकस्त केली’ असे वाक्य फळ्यावर लिहिले, की तुम्ही त्याचा अर्थ ‘तो हरला’ असा सांगता. त्यात नवल नाही. उर्दूत शिकस्त म्हणजे हार. मराठीत मात्र ‘शिकस्त करणे’ म्हणजे अंगात असेल नसेल तेवढी ताकद पणाला लावणे. शब्द एकच, फारसीतून आलेला. पण दोन भाषांत तो दोन वाटांनी गेला. या पाठात तुम्हाला दोन्ही अर्थ लागतील.

आपल्या जिल्ह्याच्या ग्रामीण पोलीस दलातील शिपाई रफिक शेख हे १९ मे २०१६ रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. आपल्या शहराला त्या वेळी औरंगाबाद म्हणत. आता त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. पोलीस शिपायाची नोकरी म्हणजे रात्रीचा पहारा, सणासुदीचा बंदोबस्त. अशी नोकरी करणाऱ्या माणसाने जगातील सर्वांत उंच जागी पाऊल ठेवले, ही बातमी मोठीच होती. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. ही त्यांची पहिली खेप नव्हती, तिसरी होती.

आधी ती उंची किती, हे नीट समजून घेऊ. आपला वाळूजचा परिसर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून थोडा अधिक उंच आहे. दौलताबादचा किल्ला तुम्ही सहलीत पाहिला असेल. त्याची टेकडी पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उंच आहे आणि तेवढे चढताना आपल्याला दोन-तीनदा तरी बसावे लागते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. ते अकोले तालुक्यात आहे आणि त्याची उंची १६४६ मीटर आहे. पायथ्याच्या बारी गावातून सकाळी निघालेला गट लोखंडी शिड्या चढून वर जातो, देवीच्या लहान मंदिराजवळ बसून डबा खातो आणि संध्याकाळपर्यंत खाली येतो. एव्हरेस्टची उंची ८८४८ मीटर आहे. २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी मिळून ती पुन्हा मोजली, तेव्हा ती ८८४८.८६ मीटर भरली. नेपाळच्या बाजूने चढणाऱ्यांचा पायथ्याचा तळच सुमारे ५३६४ मीटरांवर असतो. म्हणजे तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या, तरी आपण त्या तळाच्याही खालीच राहू!

तेथपर्यंत पोचायलाही आठ-दहा दिवस चालावे लागते. काठमांडूहून लहान विमानाने लुकला नावाच्या गावी जातात आणि तेथून पायवाट सुरू होते. मोटार नाही. सामान याकच्या पाठीवर नाहीतर माणसांच्या पाठीवर. तळावर पोचल्यावर लगेच शिखराकडे निघता येत नाही. उंचावर हवा विरळ होत जाते. हवेत ऑक्सिजनचा वाटा तेवढाच असतो, पण हवाच कमी झाल्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन घटतो. शिखरावर तर तो समुद्रकाठच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उरतो. डोके ठणकते, भूक मरते, झोप लागत नाही. शरीराला याची सवय व्हावी म्हणून गिर्यारोहक थोडे वर जातात, खाली येतात, पुन्हा वर जातात. असे काही आठवडे चालते. वाटेत साधारणपणे चार मुक्काम असतात. शेवटचा मुक्काम सुमारे ७९०० मीटरांवर. (मुक्काम हाही तुमच्या ओळखीचा शब्द. उर्दूत मक़ाम म्हणजे ठिकाण. मराठीत मुक्काम म्हणजे ठिकाणी थांबणे.)

तळापासून पहिल्या मुक्कामापर्यंतचा टप्पा सर्वांत फसवा असतो. तेथे खुंबू नावाची बर्फाची नदी उंचावरून खाली उतरते. नदी म्हटली तरी ती वाहताना दिसत नाही. इमारतीएवढे बर्फाचे तुकडे एकमेकांवर रेललेले असतात आणि सगळे मिळून दिवसाला साधारण एक मीटर पुढे सरकतात. मध्ये खोल भेगा. त्या भेगांवर ॲल्युमिनियमच्या शिड्या आडव्या टाकतात आणि बुटांखाली पोलादी काटे बांधून त्यांवरून चालतात. उन्हाने बर्फ सैल होण्याच्या आत, म्हणजे पहाटेच्या अंधारातच, हा टप्पा ओलांडायचा असतो.

या शिड्या कोण टाकतो? दोर कोण बांधतो? ही कामे शेर्पा लोक करतात. वर्गात एका मुलाने विचारले होते, “शेर्पा म्हणजे हमाल का?” नाही. शेर्पा हे एका जमातीचे नाव आहे. हे लोक नेपाळच्या उंच डोंगराळ भागात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ते ओझी वाहतात हे खरे, पण ते वाटही शोधतात, पुढे राहून दोर बांधतात, तंबू उभारतात, आणि दमलेल्या पाहुण्याला ‘आता मागे फिरा’ असे सांगण्याचा अवघड प्रसंगही त्यांच्यावरच येतो. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी यांच्याबरोबर प्रथम शिखरावर पोचणारे तेनझिंग नोर्गे शेर्पाच होते. कामी रिता शेर्पा यांनी तर २०२५ पर्यंत ३१ वेळा हे शिखर गाठले आहे. आपण ज्याला मोहीम म्हणतो, ते त्यांचे रोजचे काम आहे, आणि घर त्यावर चालते. आपल्याकडे कारखान्यातून यंत्र बाहेर पडते, त्यावर कंपनीचे नाव असते, ते बनवणाऱ्या कामगाराचे नसते. वाळूजच्या मुलांना हे निराळे समजावून सांगायला नको.

२०१४ साली रफिक शेख पहिल्यांदा एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेले. १८ एप्रिलच्या सकाळी खुंबूच्या वाटेवर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला. त्या वेळी वाटेवर होते ते ओझी पोचवणारे आणि दोर बांधणारे नेपाळी कामगार. त्यांतील १६ जण मरण पावले. बहुतेक शेर्पा होते. उरलेल्या शेर्पांनी त्या वर्षी पुन्हा वर जायचे नाकारले. त्यांच्या सोळा घरांत मातम असताना पाहुण्यांना शिखरावर न्यायचे तरी कसे? नेपाळच्या बाजूच्या मोहिमा थांबल्या. रफिक शेख परत आले.

पुढच्या वर्षी ते पुन्हा निघाले. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसे मरण पावली. भूकंपाच्या धक्क्याने सुटलेला बर्फ एव्हरेस्टच्या तळावरील तंबूंवर आदळला आणि तेथेही बळी गेले. मोहिमा दुसऱ्या वर्षीही बंद पडल्या.

दोन वर्षे, दोन खेपा, आणि दोन्ही वेळा कारण असे, की त्यावर माणसाचा काही इलाज नाही. अशा मोहिमेला लाखो रुपये लागतात. तेवढी रक्कम शिपायाच्या पगारातून बाजूला पडत नाही. रजा मागावी लागते. आणि घरच्यांचे काय? ज्या डोंगरावरून अशा बातम्या येतात, तेथे आपला माणूस तिसऱ्यांदा जातो म्हणतो, तेव्हा घरात काय बोलणे झाले असेल, याचा विचार करून पाहा. तरी ते २०१६ मध्ये गेले. त्या वर्षी डोंगराने वाट दिली.

शेवटची चढाई रात्री सुरू होते. आठ हजार मीटरांच्या वर माणसाचे शरीर फार काळ तग धरू शकत नाही. पाठीवर ऑक्सिजनची नळकांडी, कपाळावर दिवा, कमरेची कडी दोरात अडकवलेली, अशी एकामागे एक रांग चालते. रात्री निघण्याचे कारण साधे आहे : सकाळी वर पोचले, तर उतरायला उजेड मिळतो. म्हणून गटाचा नेता आधीच एक वेळ ठरवून देतो. त्या वेळेपर्यंत शिखर आले नाही तर मागे फिरायचे, मग ते समोर दिसत का असेना. हा नियम कडू आहे, पण मला तो सर्व नियमांत शहाणपणाचा वाटतो. मे १९९६ मध्ये काही गटांना वर पोचायला फार उशीर झाला, उतरताना वादळाने गाठले आणि आठ जण प्राणास मुकले.

आपल्याच शहरातील गिर्यारोहक मनीषा वाघमारे यांच्यावरही २०१७ मध्ये असा प्रसंग आला. शिखर जवळ आले होते, पण हवामान बिघडले. वर्षभराची मेहनत, जमवलेले पैसे, गावाकडून आलेल्या शुभेच्छा, सगळे मागे ओढत नव्हते, पुढेच ओढत होते. त्या मागे फिरल्या. उर्दूत या परतण्याला शिकस्त म्हणतील का, हे तुम्ही ठरवा. मे २०१८ मध्ये त्या पुन्हा गेल्या आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर उभ्या राहिल्या.

शब्दार्थ
गिर्यारोहक – डोंगर चढणारा, कोहपैमा
समुद्रसपाटी – समुद्राच्या पाण्याची पातळी
विरळ – दाट नसलेली
तग धरणे – टिकून राहणे
प्राणास मुकणे – जीव गमावणे

स्वाध्याय
१. एव्हरेस्टच्या तळावर पोचल्यावर गिर्यारोहक लगेच शिखराकडे का निघत नाहीत?
२. २०१४ मध्ये शेर्पांनी पुन्हा वर जायचे का नाकारले? तुमच्या शब्दांत लिहा.
३. शेवटची चढाई रात्री सुरू करण्याचे कारण कोणते?
४. ‘शिकस्त’ हा शब्द मराठी अर्थाने एका वाक्यात आणि उर्दू अर्थाने एका वाक्यात वापरा.
५. या पाठात उर्दूतही असलेले शब्द शोधा. त्यांपैकी कोणत्या शब्दांचा अर्थ मराठीत बदलला आहे?