कोड आला म्हणून सेन्सर बदलू नकोस

चि. सागर,


एअरफ्लो सेन्सरचा कोड आला म्हणून तू सेन्सर बदललास, तरी गाडीचा काळा धूर आहे तसाच आहे, असं फोनवर म्हणालास. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आकडा जुळला नाही, एवढंच कोड सांगतो. का जुळला नाही, ते आपण शोधायचं. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. गाडी चढाला उचलत नसेल आणि लोडवरच काळं फेकत असेल, तर आधी इंटरकूलरचे होज बघ. एअरफ्लो सेन्सर फिल्टरजवळ हवा मोजतो, कॉम्प्युटर त्या हिशेबाने डिझेल सोडतो आणि पुढे फाटक्या होजमधून तीच हवा निसटते. सेन्सर बिचारा खरं बोलत असतो, कोड मात्र त्याच्या नावावर येतो. चीर बहुधा क्लिपच्या कडेला, होजच्या खालच्या अंगाला असते. गाडी उभी असताना मिटलेली, टर्बोचा दाब आला की उघडणारी. नुसतं बघून कळत नाही, बोट फिरव. तेलकट ओल आणि तिच्यावर बसलेली धूळ हाताला लागली की तिथेच होज पिळून बघ. होज धड निघाले, तर एअर फिल्टर, मग उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह आणि शेवटी इंजेक्टर.

सेन्सरची परीक्षा फुकटात होते. चावी ऑन कर, इंजिन सुरू करू नकोस. मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. एखादा भलतंच दाखवत असेल, तरी आधी त्याचा कप्लर आणि वायर तपास.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोचं सील नाहीतर रिंगा. थंडीत सकाळी डोळे झोंबवणारा पांढरा धूर आला तर ग्लो प्लग बघ. इंजिन गरम झाल्यावरही तो राहिला, वास गोडसर आला आणि कूलंट कमी होत असेल, तर गाडी चालवत नेऊच देऊ नकोस. हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं.

एक मात्र निक्षून सांगतो. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले. त्या नियमांच्या डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, असतो; मागे काळा धूर दिसायलाच नको. दिसला, तर डीपीएफ आतून फुटलाय किंवा कुणीतरी काढलाय. काढून देण्यासाठी गिऱ्हाईक दुप्पट पैसे देऊ लागलं तरी नाही म्हण. ती काजळी रस्त्यावरच्या पोरांच्या छातीत जाते.

तुझा,
काका