धूम्रपान, रक्तातील निर्देशक आणि फुप्फुसार्बुद : निदानपरिवर्जनाचा विचार

रेणापूर परिसरातील एक पंचावन्न वर्षांचे शेतकरी चिकित्सालयात आले. तीस वर्षांची बिडीची सवय, दोन महिन्यांपासून कास व वजनात घट. हाती 'अँटिऑक्सिडंट' तपासणीचा प्राकृत अहवाल आणि दुकानातून घेतलेल्या बीटा-कॅरोटिनच्या कॅप्सूल होत्या. अहवाल चांगला म्हणून ते निश्चिंत होते. बिडी चालूच होती. छातीचे क्ष-किरण चित्र मात्र कोणी काढले नव्हते. ते काढल्यावर गाठीची छाया दिसली व पुढे फुप्फुसार्बुदाचे निदान झाले. अशा अहवालाचा अर्थ काय घ्यावा, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संप्राप्ती : एका झुरक्यातील वायुरूप धुरात एकावर पंधरा शून्ये इतके मुक्तमूलक, म्हणजे फ्री रॅडिकल, असतात. पेशीच्या आवरणातील स्नेहद्रव्यांचे त्यांच्यामुळे ऑक्सिडीकरण होऊन मॅलॉनडायअल्डिहाइड व आयसोप्रोस्टेन ही द्रव्ये रक्तात वाढतात. क जीवनसत्त्व घटते. डीएनएवरही आघात होतो. तथापि बेंझोपायरीनसारखी द्रव्ये डीएनएला थेट चिकटूनही विकृती घडवितात. म्हणजे ऑक्सिडीकरण हा संप्राप्तीचा एक घटक आहे, संपूर्ण संप्राप्ती नव्हे.

बिडी पानाची म्हणून सौम्य, हा समजही चुकीचा आहे. मुंबईतील रुग्णांवर आधारित, १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या जस्सावाला व जैन यांच्या अभ्यासात बिडी ओढणाऱ्यांत फुप्फुसार्बुदाचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षाही अधिक आढळला.

निर्देशकांची मर्यादा : हेच निर्देशक मधुमेह, क्षयरोग व जीर्ण श्वासविकारातही बदलतात. त्यामुळे वाढलेला निर्देशक अर्बुद सिद्ध करीत नाही आणि प्राकृत निर्देशक अर्बुद नाकारीत नाही. संशोधनात त्यांचे मोल आहे. एका रुग्णाच्या निदानात नाही.

गोळीने काय साधले? फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवरील अभ्यासात (१९९४) बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसार्बुद १८ टक्के अधिक आढळले. अमेरिकेत धूम्रपानी व अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कातील १८,३१४ व्यक्तींना बीटा-कॅरोटिन व अ जीवनसत्त्व देणारा प्रयोग, २८ टक्के वाढ दिसल्याने १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला. औषधी दुकानदार बंधूंनी धूम्रपानी ग्राहकाला अशी कॅप्सूल देऊ नये. आवळा किंवा च्यवनप्राश यांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत. परंतु त्यांनी बिडीपासून संरक्षण मिळते असे सांगण्यासही आधार नाही.

निदानपरिवर्जन : १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूम्रपान सोडल्यावर दोनच आठवड्यांत रक्तातील आयसोप्रोस्टेन लक्षणीय उतरले. दूरगामी फळही स्पष्ट आहे. ब्रिटनमधील गणनेनुसार (२०००) धूम्रपान चालू ठेवणाऱ्या पुरुषाला ७५ वर्षांपर्यंत फुप्फुसार्बुदाचा धोका सुमारे १६ टक्के. पन्नाशीत सोडल्यास ६, चाळिशीत सोडल्यास ३ टक्के. हेतू दूर करणे हीच प्रथम चिकित्सा, हे आपले सूत्र येथे प्रयोगशाळेतही खरे ठरते.

काही रुग्ण 'आयुर्वेदातही धूमपान आहे' असे सुनावतात. चरकोक्त धूमपान औषधी द्रव्यांच्या वर्तीचे, काल व मात्रा यांनी बद्ध आहे. अकाली व अतिमात्र धूमाचे उपद्रवही तेथेच वर्णिले आहेत. तंबाखू तर पोर्तुगीजांबरोबर या देशात आली.

व्यवहारात : धूम्रपानी रुग्णात तीन आठवड्यांहून अधिक कास, थुंकीत रक्त, स्वरभेद किंवा वजनात घट आढळल्यास क्ष-किरण व थुंकी तपासणीस त्वरित पाठवावे. आपल्या भागात क्षयरोग समजून औषधे चालू राहतात व मोलाचे महिने जातात. थुंकीत जंतू न सापडल्यास किंवा औषधाने उतार न पडल्यास पुढील तपासणीसाठी लातूरला पाठविण्यात विलंब नसावा. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यास १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक लिहून द्यावा.

प्रत्येक रुग्णपत्रिकेवर 'बिडी किती, किती वर्षे' एवढे दोन प्रश्न नोंदविले, तरी कोणत्याही महागड्या निर्देशकापेक्षा अधिक बोध होईल.