उन्हाळा आणि घरातील मत्स्यपेटी

एप्रिल उजाडला की दिलसुखनगरातील रंगीत मासे विकणाऱ्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘काल रात्रीपर्यंत चांगले होते, आज सकाळी सगळे उलटे कसे?’ उत्तरही ठरलेले असते : ‘गर्मी है साब, बरफ डालो.’ या उत्तराचा पहिला भाग निम्मा खरा आहे; दुसरा जवळजवळ निरुपयोगी. असे का, ते पदार्थविज्ञानाच्या व प्राणिशास्त्राच्या साध्या नियमांवरून पाहू.

हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर, दख्खनच्या खडकाळ पठारावर वसले आहे. मे महिन्यात येथील दुपारचा पारा ४० अंशांच्या आसपास असतो. आमच्या भागातील घरे बहुतेक सिमेंटची. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खोलीत सोडीत बसतो. अशा खोलीतील पेटीचे पाणी ३२-३३ अंशांवर सहज जाते.

आता, मासा शीतरक्ती प्राणी. पाणी तापले की त्याचे शरीरही तापते, आणि दहा अंश वाढले की त्याचा चयापचय साधारणतः दुप्पट होतो. म्हणजे त्याला प्राणवायू अधिक लागतो. नेमक्या त्याच वेळी पाणी मात्र हात आखडते. समुद्रसपाटीला २० अंशांच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांस तो ७.६ वर येतो. हैदराबादच्या उंचीमुळे यातून आणखी पाच-सहा टक्के वजा करावे लागतात. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका लिटरात सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे माशाचा संसार किती काटकसरीचा आहे ते कळते. मागणी वाढली, पुरवठा घटला. मासा मरतो तो या ओढाताणीत. पहाटे मरतो याचेही कारण हेच. रात्री पेटीतील वनस्पती प्राणवायू देत नाहीत, उलट घेतात. सूर्योदयापूर्वी साठा तळाला गेलेला असतो.

त्यातच अमोनियाची भर. पाण्याचा सामू ८ असेल तर माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचा विषारी अंश २० अंशांस चार टक्क्यांच्या आसपास असतो, तो ३० अंशांस साडेसात टक्के होतो. म्हणून उन्हाळ्यात खाद्य निम्म्यावर आणावे. खाणे पचवितानाही मासा अधिक प्राणवायू वापरतो.

मरळ माशाचे मात्र निराळे आहे. तो वर येऊन हवा गिळतो. मृगाच्या सुमारास नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दम्याच्या औषधासाठी जिवंत मरळीची पिले थोड्याशा पाण्याच्या पिशव्यांतून नेतात, ती तेवढ्या पाण्यात तग धरतात ती या गुणामुळे. (त्या औषधाविषयी मला येथे काही म्हणावयाचे नाही.) फायटर व गुरामी यांनाही हवा घेणारे असेच इंद्रिय असते. गोल्डफिश बिचारा थंड पाण्यातला. आमच्याकडे सर्वांत जास्त खपतो तोच आणि सर्वांत जास्त मरतोही तोच. वसतिगृहाच्या खिडकीत काचेच्या गोल भांड्यात त्याला ठेवणे मला क्रूरपणाचे वाटते. पाणी थोडे, तोंड अरुंद, वर ऊन.

आता बर्फाचा हिशेब. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत साधारण ५० लिटर पाणी राहते. त्यात अर्धा किलो बर्फ टाकला. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी घेतो, आणि ते पाणी ३० अंशांपर्यंत तापताना आणखी ३०. एकूण ५५ हजार कॅलरी. ५० हजार ग्रॅम पाण्यावर तिचा परिणाम? जेमतेम एक अंश. तोही तासाभरात भरून निघतो आणि माशाला मात्र आधी गारठा, मग पुन्हा ताप.

याउलट तेच अर्धा लिटर पाणी पेटीतून वाफ होऊन गेले तर? ३० अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन होताना सुमारे ५८० कॅलरी खर्ची पडतात. अर्धा लिटरास २ लाख ९० हजार. म्हणजे कागदावर जवळजवळ सहा अंशांचा उतार. भोवतालची हवा उष्णता परत देत असल्याने प्रत्यक्षात दोन-तीन अंशच पदरात पडतात, पण ते टिकतात. कुंभाराचा माठ हेच करतो. येथील कोरड्या दुपारी ओल्या तापमापकाचा पारा कोरड्याहून दहा-पंधरा अंश खाली राहतो; मुंबईस हा फरक पाच-सहा अंशांचाच असतो. मुंबईचा माठ हैदराबादइतका गार नसतो तो यामुळे.

तेव्हा करावयाचे ते एवढेच : पेटीचे काचेचे झाकण काढून मच्छरदाणीची जाळी बसवावी (मॉली उडी मारतात), आणि संगणकात असतो तसला १२ व्होल्टचा छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठाला घासून वारा जाईल असा तिरपा लावावा. विजेच्या तारेला खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळ बटणापर्यंत जात नाही. माझ्या पेटीत चार वाजता पंख्यावाचून ३३ अंश होते, ते आता ३० वर असते. हवेचा पंप रात्री बंद करू नये. पुष्कळ लोक आवाजामुळे नेमका रात्रीच बंद करतात. वीज जाते म्हणून विजेरीवर चालणारा एक छोटा पंप घरी असावा. दिवा थोडाच वेळ लावावा. पेटी आतल्या भिंतीला लागून, जमिनीजवळ ठेवावी.

खोलीत कूलर असेल तर खिडकी उघडी हवी. खिडकी बंद ठेवली की हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग उरत नाही.

वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते मागे साठतात. म्हणून रोजची तूट भरून काढावीच, शिवाय आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. गच्चीवरील टाकीचे दुपारचे पाणी पेटीत घालू नये, ते अंगावरही घेववत नाही. रात्री बादली भरून उघडी ठेवावी व सकाळी वापरावी. अगदीच निकड पडली तर बर्फाची बंद बाटली पाण्यात तरंगत सोडावी, आणि तासाला एक-दोन अंशांहून अधिक उतार होऊ देऊ नये.

मृगाचा पाऊस सुरू झाला की हवेत ओल येते आणि पंख्याचे काम मंदावते, पण तोवर पाणीही आपोआप उतरू लागलेले असते. मग पंखा काढून पुसून ठेवावा. हवेचा पंप तेवढा चालू राहू द्यावा.