लेखनाचा अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविण्याचा निश्चय ज्या कुटुंबांनी केला आहे, त्यांना गणिताची अथवा विज्ञानाची पुस्तके निवडताना जी चिंता पडत नाही ती लेखनाचा अभ्यासक्रम निवडताना पडते, आणि मूल अकरा-बारा वर्षांचे झाले म्हणजे ती विशेषच तीव्र होते. कारण गणिताचे उत्तर बरोबर की चूक हे आईबापांना ताबडतोब पडताळता येते, परंतु मुलाने लिहिलेला परिच्छेद बरा की वाईट, आणि वाईट असल्यास त्याला नेमके काय सांगावे, याचा निर्णय करण्याची तालीम आपल्यापैकी बहुतेकांना कधी मिळालेलीच नसते. अशा मनःस्थितीत आठवड्यावार पाठ आखून देणारा, शिक्षकाने कोणते वाक्य केव्हा उच्चारावे हेही छापून देणारा तयार संच समोर आला की पालकाचा जीव भांड्यात पडतो. आम्ही पुण्यात राहतो. आमच्या मुलीने चौदा वर्षे पुरी झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीची परीक्षा द्यावी असा आमचा बेत आहे, आणि तोपर्यंत तिच्या लेखणीला वळण लागावे या हेतूने असाच एक परदेशी संच आम्ही मागविला होता. त्याच्या अनुभवातून जे हाती लागले ते या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या इतरांपुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते.

त्या संचाची रीत अशी की, प्रत्येक परिच्छेदाखाली एक तपासयादी असे, आणि परिच्छेदात एक ठसठशीत विशेषण, एक क्रियाविशेषण, एक गौणवाक्य व एक उपमा आल्याची खूण मुलाने स्वतः करावयाची असे. सर्व चौकटी भरल्या म्हणजे पाठ पुरा झाला. त्याच सुमारास आमच्या आळीत बऱ्याच वर्षांनी कल्हईवाला आला. मुलगी तेथून हलेना. घरी येऊन तिने आजीला जे सांगितले ते मी स्वयंपाकघरातून ऐकत होते: जमिनीत खळगा करून त्याने कोळसे कसे पेटविले, भात्याच्या प्रत्येक दाबासरशी निखारा कसा फुलत होता, पातेले तापल्यावर नवसागराची पूड टाकताच पांढरा धूर कसा उठला, कथलाची कांडी टेकवून ती फडक्याने फिरविताच काळवंडलेल्या पितळेवर चकाकी कशी पसरत गेली, आणि शेवटी भांडे पाण्यात बुडविताना कसा चर्र असा आवाज झाला. आजी मध्ये मध्ये विचारीत होती, ‘अगं, पण फडके जळलं नाही का?’ आणि मुलगी थांबून, आठवून उत्तर देत होती. दुसऱ्या दिवशी हाच विषय तिला लिहावयास दिला, तेव्हा वहीत उतरले ते एवढेच: ‘आज एक कष्टाळू कल्हईवाला आनंदाने आमच्या आळीत आला, ज्याने आमची भांडी चंद्रासारखी चमकवली.’ तपासयादीच्या चारही चौकटी भरल्या होत्या. नवसागर नाही, भाता नाही, धूर नाही.

या एका वाक्याने मला जे दाखविले ते त्या संचाच्या शिक्षक-मार्गदर्शिकेत कोठेही नव्हते. मुलीजवळ मजकुराची वाण नव्हती, तिची भाषाही दरिद्री नव्हती. समोर प्रश्न विचारणारी आजी असली म्हणजे जे ओघाने येई, ते कोऱ्या कागदापुढे आटून जाई. अडचण जिभेवरून कागदावर येण्याच्या टप्प्यात होती, आणि संच मात्र तिच्यावर अलंकारांचा इलाज करीत होता. तेव्हा माझी पहिली सूचना अशी की, कोणताही अभ्यासक्रम विकत घेण्यापूर्वी मुलाने अलीकडे जे जे लिहिले असेल, मग ती मामाला लिहिलेली चिठ्ठी असो वा प्रयोगवहीतील टिपण, ते सारे एकत्र करून शांतपणे वाचावे, शक्य तर तोच विषय त्याला तोंडी सांगावयास लावून दोन्हींची तुलना करावी, आणि मूल कोठे अडते याची रुजुवात करून घ्यावी.

तोंडी उत्तम आणि लेखी कोरडे असे ज्या मुलाचे होते, त्याच्यासाठी कथनावर आधारलेली पद्धत घ्यावी. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंनी मुलांना वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावण्याचा परिपाठ घातला, आणि साधारण दहाव्या वर्षापर्यंत तो तोंडीच ठेवून मगच लेखणी हाती दिली. घरी शिकविणाऱ्यांत तिच्या पद्धतीवरचे अभ्यासक्रम पुष्कळ प्रचारात आहेत. आम्ही संच बाजूला ठेवून हाच मार्ग धरला. मुलीने सांगावे आणि मी किंवा आजीने ते उतरून घ्यावे, मग तो कागद तिच्याच स्वाधीन करावा व त्याची नीट प्रत तिने करावी. पुढे पुढे पहिला अर्धा भाग आम्ही उतरून घ्यावा आणि उरलेला तिने लिहावा. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली, आणि बोलण्याचा तो जिवंत ओघ त्या ग्रंथाच्या गद्यात आजही जाणवतो. लिहून झाल्यावर मात्र आजीचे काम कोणीतरी करावयास हवे: ‘फडके का जळले नाही?’ हा प्रश्न समासात लिहून वही परत द्यावी.

ज्याचे मूल भरभरून लिहिते पण शेंडा ना बुडखा अशा रीतीने, त्याने आराखड्याचे शिक्षण देणारा अभ्यासक्रम पाहावा. बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात आपल्या तरुणपणीचा जो उपक्रम सांगितला आहे तो या कामी फार मोलाचा आहे: ‘स्पेक्टेटर’मधील निबंधांतील वाक्यावाक्याच्या आशयाची त्रोटक टिपणे करावयाची, काही दिवस ती बाजूला ठेवून मग स्वतःच्या शब्दांत निबंध पुन्हा रचावयाचा व मुळाशी ताडून पाहावयाचा, कधी टिपणांची सरमिसळ करून काही आठवड्यांनी त्यांचा क्रम लावावयाचा. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकातील एखादा माहितीपर लेख घेऊन हे मराठीत सहज करता येते, आणि त्यास कसलाही संच लागत नाही. ज्याला लिहिण्याची गोडी लागली आहे आणि क्रमही साधतो, त्याला ग्रीक वक्तृत्वशास्त्रातील पाठांवर रचलेले अभ्यासक्रम मानवतील. चौथ्या शतकातील ॲफ्थोनियसने सांगितलेले चौदा पाठ नीतिकथेपासून सुरू होऊन एखाद्या कायद्याच्या बाजूने वा विरुद्ध युक्तिवाद करण्यापर्यंत चढत जातात. बारा वर्षांच्या मुलाला पहिले तीन-चार पाठ वर्षभर पुरतात.

अभ्यासक्रम पाहताना विद्यार्थ्याच्या सुबक पुस्तकाला भुलू नये. शिक्षकाची मार्गदर्शिका मागवून वाचावी, आणि मुलाचा पहिला मसुदा कच्चा निघाल्यास पालकाने काय करावे याची काही तजवीज तीत आहे की नाही हे पाहावे. जेथे दुसऱ्या मसुद्याला जागाच नाही, तेथे केवळ पाने भरण्याची शिस्त लागते. नमुना उत्तरे मोठ्याने वाचावीत. ती एखाद्या मुलाने लिहिल्यासारखी वाटली पाहिजेत. आणि आठवड्यातून पालकाचा किती वेळ त्यात जाणार याचा हिशेब घरातील कामांच्या वेळापत्रकाशी प्रामाणिकपणे लावून पाहावा, कारण अर्ध्यावर टाकलेल्या अभ्यासक्रमाचा ठपका मूल स्वतःवर ओढून घेते.

मराठीसाठी असा तयार अभ्यासक्रम शोधीत बसण्याची वेळच येऊ देऊ नये. बाजारात मिळतात ती बहुधा तयार निबंधांची पुस्तके. नदीचे आत्मवृत्त आणि पंतप्रधान झालो तर यांचे जे साचे त्यांत असतात, ते पाठ केलेल्या मुलाला स्वतःच्या गावची नदी दिसेनाशी होते. पाठ्यपुस्तके, मासिके, घरातील माणसे आणि दररोजची वही एवढ्यावर काम भागते. शुद्धलेखनाची घाई मात्र करू नये. १९६२ साली मान्य झालेले चौदा नियम व १९७२ साली त्यांत पडलेली चार नियमांची भर मुलाने अवश्य शिकावी, पण ती दुसऱ्या मसुद्यानंतर, आणि एका वेळी एक. आमच्या मुलीने ‘पाणि’ लिहिले, तेव्हा शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ असतो एवढेच तिला सांगितले. ‘आणि’ त्याला अपवाद का, हे तिनेच पुढच्या आठवड्यात विचारले. पहिल्याच मसुद्यावर तांबड्या शाईने सारे ऱ्हस्व-दीर्घ नोंदविले असते, तर ती पुढच्या खेपेस चुकण्याची शक्यता असलेले शब्द टाळून लिहू लागली असती.

परीक्षेची तयारी हा निराळा भाग आहे, आणि तो मधल्या वर्षांच्या लेखनात मिसळू नये. ठराविक वेळात, ठराविक मर्यादेत उत्तर बसविण्याचा सराव मागील प्रश्नपत्रिका घेऊन परीक्षेपूर्वीच्या वर्षात करता येतो. तोवर घड्याळ बाजूला ठेवून, आठवड्यास एकच लेख घ्यावा आणि तो दोनदा लिहवून घ्यावा.