अ‍ॅलर्जीची गोळी घेण्यापूर्वी



काही वर्षांपूर्वी पेसाखच्या सणाला आम्ही दोघे लेकीकडे नेदरलँड्सला, अ‍ॅमस्टेलवेन येथे गेलो होतो. तिसऱ्याच दिवशी आमच्या ह्यांना शिंकांवर शिंका सुरू झाल्या. नाक गळू लागले, डोळे लाल झाले. लेक म्हणाली, "आई, काल ट्यूलिपची बाग पाहिली ना, त्याचेच हे."

पण दोष ट्यूलिपचा नव्हता. त्याचे पराग जड असतात, ते कीटकांमार्फत पसरतात. एप्रिलमध्ये तिथे बर्चची झाडे फुलतात आणि मे ते जुलै गवत. त्यांचे बारीक पराग वाऱ्यावर उडून नाकाडोळ्यांत जातात. आपले शरीर त्यांना शत्रू समजून हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडते. शिंका, खाज, पाणी हे सारे त्यामुळे. अँटिहिस्टामिन गोळी हिस्टामिनचे काम अडवते.

मी माझ्या पिशवीतली, मुंबईहून नेलेली जुन्या प्रकारची गोळी ह्यांना दिली. दिवसातून तीन वेळा. ह्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे, हे मला ठाऊक होते. आयुष्य वॉर्डात गेले, पण घरच्या माणसाला औषध देताना मी विचारच केला नाही. दुसऱ्या रात्री लघवी पूर्ण अडली. पोट दगडासारखे घट्ट. लेकीने रात्रीच्या डॉक्टरांना फोन केला, तिथे नळी घालावी लागली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "कोणती गोळी घेतली?" उत्तर देताना माझी मान खाली गेली. म्हणून आज हे लिहिते आहे.

जुन्या आणि नव्या गोळ्या

क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, प्रोमेथाझिन ही जुनी औषधे. ती मेंदूपर्यंत पोचतात, म्हणून झोप येते. शिवाय तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, लघवी अडते. म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो, तोल जाऊन तो पडू शकतो. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असल्यास ही औषधे टाळावीत.

सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नवी. झोप कमी येते, पण सेटिरिझिनने काहींना ती येतेच. मूत्रपिंड कमजोर असेल तर सेटिरिझिनची मात्रा कमी करावी लागते.

लक्षात ठेवा

१. नेदरलँड्समध्ये सेटिरिझिन आणि लोराटाडिन चिठ्ठीशिवाय मिळतात. चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून ते निर्धोक समजू नका. आपले आजार आणि चालू औषधे दुकानदाराला सांगा.

२. तिथे औषधाच्या डब्यावर पिवळी चिठ्ठी असेल तर ते वाहन चालवण्यास बाधक ठरू शकते. सायकलही वाहनच आहे.

३. एका वेळी एकच अँटिहिस्टामिन. सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांत ते आधीच असते. वेष्टन वाचा, नाहीतर नकळत दुहेरी मात्रा पोटात जाते.

४. गोळीवर दारू नको. किद्दुश आपल्या मनुकांच्या शरबतावर असेल तर चिंता नाही, वाइन असेल तर जपून.

५. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबर घ्या. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाने ते अंगी कमी लागते.

६. लहान मुले, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. मुलाला मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.

७. नाक सारखे चोंदत असेल तर गोळीपेक्षा नाकातील स्टेरॉइड फवारा अधिक उपयोगी पडतो. डॉक्टरांना विचारा.

८. त्वचेवरील अ‍ॅलर्जी चाचणीपूर्वी ही गोळी काही दिवस बंद ठेवावी लागते. किती दिवस, ते डॉक्टर सांगतील.

धोक्याची खूण

ओठ-जीभ सुजणे, श्वास लागणे, चक्कर येऊन कोसळणे, असे झाल्यास गोळीवर विसंबू नका. अशा वेळी अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शनच प्राण वाचवते. नेदरलँड्समध्ये ताबडतोब ११२ ला फोन करा.

घरी आल्यावर कपडे बदलावेत, रात्री केस धुवावेत, पराग जास्त असतील तेव्हा खिडक्या बंद ठेवाव्यात. यानेही पुष्कळ फरक पडतो.

आमचे हे आता ठणठणीत आहेत. परदेशी जाताना आपल्या सर्व औषधांची यादी मी पासपोर्टबरोबर ठेवते. तुम्हीही ठेवा, आणि कोणी मायेने गोळी पुढे केली तर आधी नाव विचारा. ती देणारी नर्स असली तरी.