माळ्यावरचा ग्रास कटर आणि बाटलीतलं औषध

मृग लागला की आमच्या गॅरेजच्या ओट्यावर ग्रास कटरांची रांग लागते. दिवाळीनंतर बागेतलं गवत संपतं, यंत्र माळ्यावर जातं, ते थेट जूनमध्ये खाली उतरतं. दोरी ओढून खांदा भरून आला की मालक इकडे येतात. हल्ली बरेचजण येताना वाटेतल्या दुकानातून पेट्रोलमध्ये घालायची बाटली घेतात, टाकीत रिकामी करतात आणि मग म्हणतात, "मेस्त्री, औषध घातलंय, तरी उचलत नाय."

उचलणार कसं? अशा एकाचा कार्बोरेटर मालकासमोरच खोलला. जेटच्या भोकावर हिरवट चिकट राप, आजूबाजूच्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, आतला रबरी पडदा पापडासारखा कडक. भोकच बुजलंय, तर औषध जाणार कुठून? टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं. थोड्या वेळाने तळाशी वेगळा गढूळ थर दिसू लागला. मालक म्हणाला, "पंपवाल्याने पाणी मारलं." पंपवाल्याचा यात काही दोष नव्हता.

आपल्या पेट्रोलमधलं इथेनॉल 2022 मध्ये 10 टक्क्यांवर होतं, 2025 मध्ये 20 टक्क्यांवर गेलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! अर्धी टाकी ठेवली की उरलेल्या जागेत दमट हवा येत-जात राहते. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल त्याला घेऊन तळाशी बसतं. टाकीतली नळी खेचते तीही तळातूनच. त्या थरात टू-टी ऑइल नसतं, ते वरच्या पेट्रोलात राहतं. म्हणजे यंत्र चुकून चालू झालंच, तर पिस्टन कोरडा घासून जाम व्हायची भीती. फुटलेलं पेट्रोल कुठल्याही बाटलीने पुन्हा एक होत नाही. ते काढून टाकायचं, विहिरीपासून लांब.

मग बाटली खोटी का? नाही. स्टॅबिलायझर पेट्रोल शिळं होण्याचा वेग कमी करतो, पण तो ताज्या पेट्रोलात, यंत्र ठेवायच्या आधी पडला तरच. इंजेक्टर क्लीनर ही वेगळी चीज. तो चालत्या गाडीत हळूहळू काम करतो. ऑक्टेन बूस्टर तर साध्या इंजिनाला लागतच नाही. दुकानात तिन्ही एकाच फळीवर असतात, तेव्हा लेबल वाचूनच घ्या.

ग्रास कटरला मी बाटली सुचवतच नाही. टाकी जेमतेम लिटरभर; बाटलीच्या पैशात ताजं पेट्रोल येतं. दिवाळीला टाकी रिकामी करा, यंत्र चालू करून आपोआप बंद पडू द्या. प्लग काढून आत टू-टीचे चार थेंब सोडा, दोरी दोनदा सावकाश ओढा, प्लग परत लावा. जूनमध्ये ऑइलचं प्रमाण यंत्राच्या पुस्तकात बघून नवं मिश्रण करा. पन्नासास एक असेल तर लिटरला 20 मिली. अंदाजपंचे झाकणं मोजू नका.

स्टॅबिलायझरचा खरा उपयोग चाकरमान्यांच्या मोटारसायकलींना. गणपतीत आणलेली गाडी शिमग्यापर्यंत पडवीत उभी. हल्लीच्या इंजेक्शनवाल्या गाडीची टाकी रिकामी करत बसणं घरगुती काम नाही, आणि रिकामी लोखंडी टाकी आतून गंजते ती वेगळीच. जायच्या आदल्या दिवशी लेबलवरच्या मापाने औषध घाला, मग टाकी भरून घ्या आणि पंपावरून घरापर्यंत जरा लांबच्या रस्त्याने या, म्हणजे औषधाचं पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचेल. दुप्पट घालून दुप्पट टिकत नाही. बॅटरीची वायर काढायला मात्र विसरू नका. शिमग्याला निम्म्या गाड्या तिच्यामुळेच ढकलाव्या लागतात.

डिझेलच्या पॉवर टिलरला यातलं काही लावू नका, पेट्रोलची बाटली तर मुळीच नको. त्याची टाकी काठोकाठ भरून ठेवायची आणि पेरणीआधी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी सोडून द्यायचं.